व्याह्यांच्या डाव्या हाताला बसून स्कॉटलंड

परदेशातून आलेल्या माणसाला परभणीत दोनच गोष्टी विचारतात: कसं होतं, आणि काय आणलं. पहिलीचं उत्तर मी 'थंड' असं दिलं, दुसरीचं चॉकलेट. लोकांचं समाधान झालं. मी तसाही कमी बोलणारा माणूस. ज्युनिअर कॉलेजात उभा जन्म भूगोल शिकवला, तोही बराचसा फळ्याकडे तोंड करून. 'सर कधी कुणाला वाकडं बोलत नाहीत' अशी कॉलनीत माझी ख्याती आहे. वाकडं सोडा, मी सरळसुद्धा बोलत नाही, हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. या ख्यातीपायी तिकडच्या एका रस्त्यावर चार माणसं पाण्यात जायची वेळ आली होती. ते काही 'थंड' या शब्दात बसत नाही, म्हणून लिहायला घेतलं.

चार माणसं म्हणजे मी, माझी बायको सुनंदा आणि आमचे व्याही-विहीणबाई. मुलगी मीनल आणि जावई अमोल ग्लासगोला असतात, दोघंही नोकरीत. व्याही नानासाहेब. सोनपेठला त्यांचं बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. गिऱ्हाईक औषध मागायला येतं आणि औषधाबरोबर शेती, सोयरीक आणि राजकारण यांवरचा सल्ला घेऊन जातं. व्याह्यांबरोबर परदेशी जाऊ नये, असं मी वाचलेल्या एकाही प्रवासवर्णनात नव्हतं. लिहिणाऱ्यांना मुली नसाव्यात.

ग्लासगो

पोरांना सुट्टी नव्हती, म्हणून अमोलने आम्हा चौघांसाठी चार दिवसांची भाड्याची गाडी ठरवून दिली. ड्रायव्हर नाही, आपली आपण चालवायची. कल्पना अर्थातच नानासाहेबांची.

"डायवरच्या मागं गठुड्यागत बसून काय बघायचं?" ते म्हणाले. "हिकडं बी डावीकडूनच चालवायलेत. आपल्याला यांनीच शिकवलं, आता यांच्याच रोडवर चालवून दावू."

मीनलने हट्टाने दुसरा ड्रायव्हर म्हणून माझं नाव घालायला लावलं. "असू द्या हो बाबा, काय बिघडतंय." मी मान हलवली. मान हलवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

गाड्यांच्या ऑफिसातली मुलगी आम्हाला घेऊन बाहेर आली आणि गाडीभोवती फिरून तिने जुन्या ओरखड्यांचे फोटो काढले. आपल्याकडे गाडीला ओरखडा पडू नये म्हणून लिंबू-मिरची बांधतात, तिकडे आधीच पडलेले ओरखडे लिहून ठेवतात. माणसावरचा विश्वास दोन्हीकडे सारखाच. मग तिने कागद नानासाहेबांपुढे धरला: एकदा बघून घ्या आणि सही करा.

"सर, तुमीच बघा," नानासाहेब मला म्हणाले. "माझा चष्मा बॅगेत हाय."

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

आता थोडं मागं जातो. आदल्या दिवाळीत आम्ही सोनपेठला त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. विहीणबाई आमटीचं भांडं घेऊन त्यांच्या डाव्या अंगाला उभ्या, आणि हे ओरडतायत, "आमटी कुठाय? कवापासून मागायलोय!" विहीणबाई मागून वळसा घालून उजवीकडे आल्या आणि वाढून गेल्या. त्यांच्या पायाला तो वळसा सवयीचा होता. जेवणानंतर नानासाहेब अंगणात उभ्या असलेल्या मोटारसायकलला धडकले आणि ती लावणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी भूगोलाचा मास्तर, डोळ्यांचा डॉक्टर नव्हे. पण एखाद्याला समोरचं दिसतंय आणि बाजूचं दिसत नाहीये, एवढं कळायला डॉक्टर लागत नाही. मला कळलं. मी आमटी भुरकली.

कारण मी मुलीचा बाप. मुलीच्या बापाने व्याह्याशी काय बोलायचं ते आमच्याकडे ठरलेलं आहे: या, बसा, घ्या, आमचं चुकलं. लग्नात मानाचा कोट आखूड निघाला तेव्हा शिंप्याच्या वतीनेसुद्धा मीच माफी मागितली होती. 'तुम्हाला दिसत नाही' हे वाक्य या बोलीत बसतच नाही.

तर त्या ऑफिसाच्या आवारात एवढंच म्हणायचं होतं: गाडी मी चालवतो. कागदावर माझं नाव होतं, खिशात लायसन होतं. ऑफिसातल्या मुलीने किल्ली माझ्या हातात दिली. मी ती दोन्ही हातांनी, पानसुपारी द्यावी तशी, नानासाहेबांना दिली.

ग्लेनकोच्या वाटेवर

मोठ्या रस्त्यावर नानासाहेब झकास चालवत होते. समोरचं त्यांना स्वच्छ दिसत होतं, आणि मोठ्या रस्त्याला बाजू अशा फारशा नसतात. फक्त गोल चौक आला की पंचाईत. तिकडे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. "आपल्याकडं ज्याची गाडी मोठी तो आधी," नानासाहेब म्हणाले, "भांडणच न्हाई." उजवीकडे कुणी आहे का, ते मी सांगायचो.

खरं तर सगळंच मी सांगायचो. त्याची सुरुवात फार अदबीने झाली. "सर, जरा गप्पा मारा, मला झोप येयलीय." म्हणून मी गप्पा मारू लागलो, आणि गप्पांचे विषय ते देऊ लागले. पुढं वळण हाय का? डाव्या अंगाला कोण चालायलंय का? आरशात काय दिसायलंय? दुपारपर्यंत मी इतकं बोललो की मागच्या सीटवरून सुनंदाने विचारलं, "घरी का हो तोंड उघडत नाही?"

विहीणबाई नानासाहेबांच्या पाठीमागे बसल्या होत्या. त्यांचं वेगळं चालू होतं.

"अहो, सायकलवाला हाय बरं का."

"दिसायलंय मला!"

"दिसायलंय म्हणूनच सांगायले."

म्हणजे गाडीत एक आंधळेपणा होता आणि त्याला दोघंजण मिळून डोळे पुरवत होते. कुणी कुणाला तसं म्हणत नव्हतं, एवढंच.

ग्लेनको ही दरी आहे. आमच्या परभणीत उंच म्हणजे पाण्याची टाकी. तिथे दोन्ही बाजूंनी काळेहिरवे डोंगर असे चढत गेलेले, की गाडीच्या काचेत आभाळ मावेना, आणि त्यांच्या अंगावरून पाण्याच्या बारीक पांढऱ्या रेघा उतरत होत्या. माझ्या अंगावर काटा आला. हिमनदीने कोरलेली दरी मी इतकी वर्षं फळ्यावर खडूने काढत आलो होतो. एवढी मोठी असते, हे मुलांना सांगायचंच राहून गेलं.

"लय भारी," नानासाहेब नाकासमोर बघत म्हणाले.

गाडी लावायच्या जागेत बसून आम्ही जेवलो. विहीणबाईंनी मीनलकडे पहाटे उठून धपाटे थापले होते, बरोबर ठेचा. शेजारच्या हॉटेलातून मसुराचं सूप आणलं. मसुराचं सूप म्हणजे फोडणी द्यायला विसरलेलं वरण. शेजारच्या गाडीतलं एक म्हातारं जोडपं कौतुकाने बघत होतं, म्हणून विहीणबाईंनी त्यांना ठेचा लावून एक एक धपाटं दिलं. आजोबांचे डोळे लाल झाले, नाक वाहू लागलं, आणि त्या अवस्थेत ते म्हणाले, फार सुरेख आहे. इतकं खोटं इतक्या सभ्यपणे बोलणारा माणूस बघून मला आपलं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीत शिरल्या शिरल्या सुनंदाने दार लावलं.

"तुम्ही त्यांच्याशी बोला."

"कशाबद्दल?"

"आता माझ्यापुढं बी तेच का? त्यांना बाजूचं दिसत नाही. मला मागं बसून कळतंय. तुम्ही तर शेजारी बसलाय."

"मीनलला उद्या त्याच घरात नांदायचंय. तुझ्या बापाने मला आंधळं म्हटलं, असं तिने जन्मभर ऐकायचं का?"

सुनंदाने स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या. मग म्हणाली, "मीनलचा नवरा ऑफिसात सुखरूप आहे. गाडीत माझा बसलाय."

मी म्हटलं, उद्या बोलतो. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोला 'उद्या'चा अर्थ चांगला कळतो. ती कूस बदलून झोपली.

स्काय

स्काय हे बेट आहे, पण पूल असल्यामुळे गाडीतून उतरावं लागत नाही. तिथले आतले रस्ते एका गाडीपुरतेच असतात. ठरावीक अंतरावर कडेला एक फुगवटा ठेवलेला असतो. समोरून गाडी आली की फुगवटा ज्याला जवळ, तो बाजूला घेऊन थांबतो, दुसरा निघून जातो, आणि जाता जाता दोघंही हात वर करतात. आमच्या सोनपेठच्या रस्त्यावर अशा वेळी दोघंही घुसतात, दोघंही अडकतात आणि मग खाली उतरून ओळख निघते. दोन्ही पद्धतींत माणसं जोडली जातातच.

त्या दिवशी डाव्या हाताला, म्हणजे माझ्या खिडकीखाली, समुद्राचा आत शिरलेला फाटा होता. मध्ये वीतभर गवत, मग उतार, मग पाणी. कठडा वगैरे काही नाही. तिकडच्या लोकांना पाणी दिसतं म्हणून कठडा लागत नसावा.

समोरच्या वळणावर एक छोटा टेम्पो आला, मागे गवताच्या पेंढ्या भरलेल्या. नानासाहेबांनी त्याला डिपर दिला. आपल्याकडे डिपरचा अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक: थांब, मी येयलोय. त्या देशात नेमका उलटा अर्थ होतो: मी थांबलोय, तुम्ही या. हे मला माहीत होतं. अमोलने निघताना दोनदा बजावलं होतं. मी नानासाहेबांना सांगितलं नव्हतं, कारण व्याह्यांना गाडी चालवायला कोण शिकवणार?

टेम्पोवाली हात हलवून, आभार मानत, पुढे आली. नानासाहेबही पुढे गेले. ऐन अरुंद जागी दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या. टेम्पोत पांढऱ्या केसांची एक बाई, शेजारच्या सीटवर कुत्रं. तिच्या मागे आणखी दोन गाड्या येऊन थांबल्या. फुगवटा आमच्याच मागे होता. म्हणजे रिव्हर्स आम्हीच घ्यायचा.

"सांगा सर मागचं," नानासाहेब म्हणाले आणि त्यांनी गिअर टाकला.

"अहो, हळू," विहीणबाई म्हणाल्या.

ते हळूच घेत होते. डाव्या आरशाकडे त्यांनी बघितलं, म्हणजे मान तिकडे केली, आणि स्टेअरिंग भलतीकडे वळवलं. मागचं चाक डांबरावरून गवतात उतरलं. गाडी माझ्या बाजूला कलली. सुनंदाचा हात मागून माझ्या खांद्यावर आला. खिडकीत आता गवत नव्हतं, नुसतं पाणी होतं.

"आलं का बरोबर?" नानासाहेबांनी विचारलं.

मी हँडब्रेक ओढला. माझ्या आयुष्यात एवढ्या ठामपणे मी कधी काही ओढलेलं नाही. गाडी हिसका देऊन बंद पडली.

"नानासाहेब, उतरा."

"आं?"

"उतरा खाली. तुम्हाला बाजूचं दिसत नाही. गाडी मी घेतो."

समोरच्या टेम्पोतलं कुत्रं आमच्याकडे बघत होतं. नानासाहेबांचे हात स्टेअरिंगवर तसेच. मला वाटलं, संपलं. मीनलचं घर संपलं, हा माणूस आता उतरेल आणि मला जन्मात तोंड दाखवणार नाही. वर मला हेही कळत होतं, की ही भीती मला खिडकीतल्या पाण्यापेक्षा मोठी वाटते आहे.

मागून विहीणबाई बोलल्या. "मी सांगितलं की बायकूची कटकट. आता सरांनी सांगितलंय. उतरा."

ते उतरले. दोघी उजव्या दाराने घसरत बाहेर पडल्या. माझं दार पाण्याच्या बाजूला, त्यामुळे मला गिअरवरून पलीकडे जावं लागलं. या वयात, या पोटासह, थर्मलचे दोन थर घालून. मध्येच माझ्या कोपराने हॉर्न वाजला. टेम्पोवाल्या बाईला वाटलं आम्ही चिडलोय, तिने काचेतून हात जोडल्यासारखं काहीतरी केलं.

मी गाडी सुरू केली, गवतातून चाक वर घेतलं आणि मागे घेऊ लागलो. आणि मग नानासाहेबांनी जे केलं ते आपल्या मातीतला कुठलाही पुरुष करेल. ते गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि डिकीवर थापा मारत ओरडू लागले, "येऊंद्या! येऊंद्या! लय जागा हाय! येऊंद्या!"

मी आरशातच बघत होतो. पण काच खाली करून 'हो, हो' म्हणत राहिलो.

"इकडं सरका, तुमालाच चेपंल गाडी!" म्हणत विहीणबाईंनी त्यांचा दंड धरून त्यांना कडेला घेतलं. त्यांनी हात सोडवून घेतला नाही.

त्या संध्याकाळी नानासाहेब जेवायला खाली आले नाहीत. विहीणबाई ताट वर घेऊन गेल्या आणि तसंच परत आणलं. सुनंदाने माझ्या ताटात एक बटाटा जास्त वाढला. आमच्या घरात याला शाबासकी म्हणतात. मी तो परत भांड्यात ठेवला.

धुक्यात

सकाळी मी खाली आलो तर नानासाहेब आधीच गाडीत बसलेले, डावीकडच्या सीटवर, पट्टा लावून. आमच्याकडे ड्रायव्हरशेजारची जागा मानाची. मुलीचा बाप गाडी हाकतोय आणि व्याही मानाच्या जागी बसलेत. बाहेरून बघणाऱ्याला सगळं अगदी रीतीप्रमाणे वाटलं असतं.

"चला," ते म्हणाले. गाडी डोंगराकडे निघाली.

मग अचानक, "काय हाय बाहेर?"

मी सुरुवात केली. हा भाग ज्वालामुखीच्या लाव्ह्याने बनलेला, तो मऊ खडकांवरून घसरला, त्यातून हे सुळके...

"सर, शिकवू नका. दिसायलंय ते सांगा."

मला जमेना. इतक्या वर्षांत मला कुणी दिसतंय ते विचारलं नव्हतं, पुस्तकात आहे तेच विचारलं होतं. हळूहळू सांगू लागलो. डाव्या हाताला उतारावर मेंढ्या आहेत, त्यांच्या पाठीवर निळ्या रंगाचे पट्टे मारलेत. गवत पिवळं आहे, आपल्या काढणीच्या हरभऱ्यासारखं. एक पांढरं घर आहे, त्याच्या दोरीवर कपडे वाळत घातलेत, आणि या हवेत ते वाळतील अशी आशा धरणारी बाई दारात उभी आहे. मागे दोघींच्या गप्पा थांबल्या होत्या. नानासाहेब मान पूर्ण वळवून, मी सांगतोय तिकडे, एक एक गोष्ट नेमकी शोधून काढत होते. सापडली की "हां" म्हणायचे.

ज्या सुळक्यासाठी लोक जगभरातून येतात, तिथे पोचलो तर दाट धुकं. मी गाडी लावली.

"आता?" त्यांनी विचारलं. "कसाय सुळका?"

"खरं सांगू? काहीच दिसत नाही. धुकं आहे सगळं."

"काहीच न्हाई?"

"समोरचं कुंपण दिसतंय. बास."

ते हसायला लागले. पोट हलेपर्यंत हसले. "म्हंजे तुमचं अन् माझं विमानाचं भाडं सारखंच पाण्यात गेलं की ओ!"

मीही हसलो. दोघी धुक्यात फोटो काढायला उतरल्या, कशाचे ते त्यांनाच माहीत. त्या लांब गेल्यावर नानासाहेबांनी विचारलं, "कवापासून माहीत होतं तुमाला?"

"दिवाळीपासून."

"अन् बोलला न्हाईत."

"मुलीचा बाप आहे, नानासाहेब."

ते काचेवरच्या धुक्याकडे बघत राहिले. "पोरगी दिली म्हणून जीब बी दिली व्हय?"

मी वायपर सुरू केला.

परभणी

परत आल्यावर त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी घेऊन गेलो. 'चला' म्हटलं आणि ते निघाले. रस्ताभर रिक्षावाल्याला मात्र ते रिक्षा कशी चालवायची हे शिकवत होते. हे सगळं लिहून काढू का, असं मी त्यांना त्याच रिक्षात विचारलं. "लिवा की," म्हणाले. "मला कुठं वाचायला जमणार हाय."

यंत्रावर हनुवटी टेकवून तपासणी झाली. डॉक्टर वयाने आमच्याच बरोबरीचे, शांत. काचबिंदू आहे म्हणाले. यात नजर कडेकडून जाते, आणि गेलेली परत येत नाही. राहिली आहे ती राखायची, रोज न चुकता थेंब घालायचे, गाडी बंद.

"जरा आधी यायला हवं होतं," ते म्हणाले. "पुष्कळ वाचलं असतं. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"न्हाई, डॉक्टर," नानासाहेब लगेच म्हणाले. "कुणाच्याच न्हाई. मलाच कळालं न्हाई, तर दुसऱ्याला काय कळंल?"

त्यांनी हे माझ्याकडे न बघता म्हटलं. मी त्यांच्या डाव्या हाताला बसलो होतो. गप्प बसलो असतो तर विषय तिथेच मिटला असता, आणि तोही व्याह्यांच्या मेहेरबानीने.

"माझ्या लक्षात आलं होतं," मी म्हणालो. "दिवाळीतच."

डॉक्टरांनी पेन थांबवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मग सांगितलं नाहीत? तुम्ही यांचे कोण?"

"व्याही. माझी मुलगी यांच्या घरी दिलीय."

"अच्छा," डॉक्टर म्हणाले, "मग बरोबर आहे." आणि ते चिठ्ठीवर थेंबांचं नाव लिहायला लागले.